नव्या विंडोजवर जुना यूएसबी डॅक: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विंडोज ७ च्या संगणकावर एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) या कंपनीचा यूएसबी-६००८ हा डॅक, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज मोजून संगणकाला देणारा छोटा डबा, वर्षानुवर्षं चालत होता. आता संगणक बदलले, विंडोज ११ आलं. डबा जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. जुन्या सीडीवरून ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकून झाला. कधी इन्स्टॉलर मध्येच थांबतो, कधी शेवटपर्यंत जातो, पण माजी विद्यार्थ्याने लॅबव्ह्यू २०१२ (एनआयचं चित्रांतून प्रोग्रॅम बांधायचं सॉफ्टवेअर) मध्ये केलेला तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम काही केल्या डबा ओळखत नाही. सरांना बरोबर ड्रायव्हरची लिंक हवी आहे, आणि पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

सर, लिंक द्यायला काहीच हरकत नाही, पण तिने तुमचं काम होणार नाही. तुमच्या सीडीवरचा ड्रायव्हर लॅबव्ह्यू २०१२ ओळखतो, पण तो विंडोज ११ च्या आधीच्या काळातला आहे. आजचा डॅकएमएक्स, म्हणजे एनआयच्या डॅकचा ड्रायव्हर, विंडोज ११ वर व्यवस्थित बसतो, पण लॅबव्ह्यूच्या बाबतीत तो साधारणपणे त्या वर्षीची आवृत्ती आणि आधीच्या तीन, एवढ्यांनाच सांभाळतो. म्हणजे एका हाताने विंडोज ११ आणि दुसऱ्या हाताने लॅबव्ह्यू २०१२ धरेल असा ड्रायव्हर निर्मात्याच्या सुसंगतता तक्त्यात नाहीच. तुम्ही चुकीची फाइल उतरवत नव्हता. जी नाही ती शोधत होता.

भोसरी-चिंचवड भागातल्या कारखान्यांचे टेस्ट रिग आणि आसपासच्या कॉलेजांच्या लॅब लावून देणं हे माझं रोजचं काम आहे. अशा तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळ वाया गेलेला दिसतो तो याच एका गोष्टीत: अडलं की काढा, पुन्हा टाका, रीस्टार्ट करा, परत काढा. आपण सगळ्यालाच 'ड्रायव्हर' म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. डबा संगणकाला यूएसबीवर दिसतो का, ही पहिली. दिसला तर विंडोजने त्याच्याशी योग्य ड्रायव्हर जोडला का, ही दुसरी. आणि तुमचा प्रोग्रॅम ज्या लायब्ररीमार्फत बोलतो ती आवृत्तीने आणि बिटने (३२ की ६४) जुळते का, ही तिसरी. आधी कुठली पायरी तुटली ते पाहायचं, मगच हात घालायचा. तुमच्याकडे दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही तुटल्या आहेत, म्हणून एक सुधारली तरी फरक दिसत नाही.

पहिली पायरी तपासायला ड्रायव्हर लागतच नाही. डबा जोडताना विंडोजचा आवाज येतो का ते ऐका आणि डिव्हाइस मॅनेजरची यादी हलते का ते बघा. पिवळा त्रिकोण येतोय म्हणजे यादी हलते आहे, डबा जिवंत आहे. ज्यांच्याकडे काहीच हालचाल होत नाही त्यांनी आधी केबल बदलावी. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. केबल नुसती पाहून हे कळत नाही. संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आणि स्वस्तातले हब टाळा, मागे थेट मदरबोर्डवर जोडा. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको.

आता त्या पिवळ्या त्रिकोणावर डबल-क्लिक करा. पहिल्याच पानावर एक कोड क्रमांक लिहिलेला असतो. तो कुणी वाचत नाही, पण अर्धं निदान तिथेच होतं. कोड २८ म्हणजे विंडोजकडे या डब्यासाठी ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डबा सुरू होत नाहीये. कोड ४३ म्हणजे डब्यानेच गडबड कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. इथे केबल, पोर्ट, वीज किंवा खुद्द डब्याचं हार्डवेअर यांवर संशय घ्यायचा. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर मेमरीत चढलाच नाही. जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर टाकला की हा बरेचदा दिसतो.

या ३९ मागे अनेकदा विंडोज ११ मधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सोय असते. नव्या संगणकांवर ती मुळातच चालू येते आणि न पटणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला दारातच अडवते. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी'खाली 'कोअर आयसोलेशन' उघडलं की कुठला ड्रायव्हर अडला त्याचं नावही मिळू शकतं. ती सोय बंद करून टाका असा सल्ला तुम्हाला व्हिडिओंमध्ये हमखास मिळेल. विद्यार्थी दिवसभर पेनड्राइव्ह लावतात त्या संगणकावर मी तरी असं करणार नाही. निर्मात्याचा नवा ड्रायव्हर उपलब्ध असताना जुन्यासाठी संरक्षण उतरवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्याच खिडकीत 'डिटेल्स' टॅबवर 'हार्डवेअर आयडी' निवडा. तिथे व्हीआयडी (निर्मात्याचा क्रमांक) आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) असे दोन आकडे दिसतील. व्हीआयडीवरून निर्माता कळतो. ३९२३ असेल तर एनआय, ०९डीबी असेल तर मेझरमेंट कॉम्प्युटिंग, ०४०३ असेल तर एफटीडीआयची चिप, १ए८६ असेल तर सीएच३४० घराण्यातली चिप. डब्यावरचं लेबल उडालेलं असतं, कधी भलतंच चिकटवलेलं असतं. या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

आता तुमच्या डब्याकडे वळू. क्रम असा ठेवा. डबा काढून ठेवा. जुन्या सीडीवरून जे जे टाकलंत ते एनआयच्याच पॅकेज मॅनेजरमधून किंवा कंट्रोल पॅनेलमधून पूर्ण काढा. डिव्हाइस मॅनेजरमधून नुसतं 'अनइन्स्टॉल' करू नका, त्याने तेवढी एक नोंद जाते आणि बाकीचा पसारा तसाच राहतो. मग रीस्टार्ट करा, आणि रीस्टार्टच करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं बऱ्याच जणांना वाटतं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा हायबरनेट होतो आणि जुने ड्रायव्हर तसेच परत येतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं.

त्यानंतर एनआयच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चालणारा डॅकएमएक्स घ्या. ड्रायव्हर फुकट आहे. पैसे लॅबव्ह्यूला लागतात, ड्रायव्हरला नाही. कॉलेजचं नेट कसं असतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ऑफलाइन इन्स्टॉलर एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. इन्स्टॉल करताना अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागेल. आयटी विभागातल्या कुणाला तरी तेवढा वेळ शेजारी बसवून घ्या, नाहीतर अर्ध्यात परवानगी मागितली जाते आणि इन्स्टॉलेशन लटकतं. सगळं टाकून पुन्हा रीस्टार्ट झाल्यावरच डबा जोडा.

आधी सॉफ्टवेअर, मग डबा, हा नियम बहुतेक निर्माते सांगतात. आधी डबा जोडला तर विंडोज स्वतःच्या साठ्यात ड्रायव्हर शोधतं, सापडला नाही तर अनोळखी म्हणून नोंद करून मोकळं होतं. आजच्या विंडोजमध्ये क्रम चुकला तरी पुढे ड्रायव्हर टाकल्यावर बहुतेकदा आपोआप सुधारतं, त्यामुळे हे काही महापाप नाही. पण जुन्या सीडीचा गोंधळ आधीच झालेला असताना मी क्रम पाळते.

डबा जोडल्यावर यूएसबी-६००८ चा हिरवा दिवा एका लयीत लुकलुकायला लागला म्हणजे डबा सुरू झाला. आता एनआय मॅक्स उघडा. डॅकएमएक्सबरोबर येणारं, डबे दाखवणारं आणि तपासणारं हे सॉफ्टवेअर आहे. 'डिव्हाइसेस अँड इंटरफेसेस'खाली नाव दिसेल, त्यावर 'सेल्फ-टेस्ट' चालवा. तो उत्तीर्ण झाला म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या संपल्या. यापुढे ड्रायव्हरला दोष देऊ नका.

इथे थांबून एक छोटी चाचणी कराच. सेन्सर, अॅम्प्लिफायर सगळं सोडवा. डब्यावर ३० क्रमांकाच्या टर्मिनलला स्थिर अडीच व्होल्ट मिळतात. तिथून एक तार दोन क्रमांकाच्या टर्मिनलला, म्हणजे एआय शून्यला जोडा. मॅक्समध्ये 'टेस्ट पॅनेल' उघडून इनपुट कॉन्फिगरेशन 'आरएसई' (एकाच तारेचं व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजणं) निवडा आणि स्टार्ट दाबा. पडद्यावर २.५ च्या आसपास सरळ रेघ आली की डबा, केबल, ड्रायव्हर सगळं चोख आहे. 'डिफरन्शियल' (दोन तारांमधला फरक मोजणं) तसंच ठेवलं तर मात्र तीन क्रमांकाचं टर्मिनल ग्राउंडला जोडावं लागेल, नाहीतर आकडा भलताच येईल आणि तुम्ही पुन्हा ड्रायव्हर काढायला बसाल. तार काढल्यावर आरएसईमध्ये रेघ शून्यावर न जाता १.४ व्होल्टच्या आसपास थांबते. त्यावर "ड्रायव्हर करप्ट आहे, काहीच जोडलं नाही तरी व्होल्टेज दाखवतो" असे फोन मला येतात. तो बिघाड नाही. या डब्याच्या इनपुटवरच्या रोधकांची रचनाच अशी आहे की मोकळं टोक तिथे तरंगतं.

तापमानाचा प्रयोग म्हणताय तर सेन्सर बहुधा एलएम३५ असेल. तसं असेल तर आणखी एक सांगते, कारण हाही दोष पुढे ड्रायव्हरच्या माथी मारला जाईल. एलएम३५ दर अंशाला दहा मिलिव्होल्ट देतो. यूएसबी-६००८ आरएसईमध्ये ११ बिटचा आणि उणे १० ते अधिक १० व्होल्ट याच पल्ल्याचा असतो, म्हणजे त्याला कळणारा सगळ्यात लहान फरक, एक पायरी, जवळपास ९.८ मिलिव्होल्टची. तापमान एकेका अंशाच्या उड्या मारत वाढताना दिसेल. डिफरन्शियलमध्ये तोच डबा १२ बिटचा होतो आणि पल्ला उणे १ ते अधिक १ व्होल्ट इतका लहान करता येतो. मग पायरी अर्ध्या मिलिव्होल्टच्याही किंचित खाली येते, अंशाच्या विसाव्या भागाइतकी. शंभर अंशांच्या आतलं मोजायचं असेल तर हाच पल्ला घ्या. आलेख एकदम गुळगुळीत दिसायला लागेल, आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

आता तिसरी पायरी, म्हणजे तो प्रोग्रॅम. खरं गाडं इथेच अडलंय, आणि उत्तर तुमच्याकडे काय शिल्लक आहे त्यावर अवलंबून आहे.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे ना? मग या आठवड्यात नवं काही करूच नका. भंगारात टाकला नसेल तर जुना विंडोज ७ चा संगणक परत आणा, नेटची केबल काढा आणि परीक्षा त्यावर घ्या. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, त्यामुळे तो नेटवर्कवर नको. एका टेबलावर तापमान मोजायला एकटा बसला तर काही बिघडत नाही. निकालाच्या फाइली पेनड्राइव्हने काढायच्या झाल्या तर त्या कामाला एक वेगळा, कोरा पेनड्राइव्ह ठेवा.

परीक्षेनंतर बघा की त्या विद्यार्थ्याची मूळ फाइल, म्हणजे ब्लॉक डायग्राम (लॅबव्ह्यूतला प्रोग्रॅमचा आराखडा) असलेला प्रोग्रॅम, आहे की नुसती तयार ईएक्सई, म्हणजे फक्त चालवता येणारी फाइल. मूळ फाइल असेल तर नशीब. २०१२ ची फाइल नवं लॅबव्ह्यू थेट उघडतं, नव्याने कंपाइल करतं, आणि डॅकएमएक्सचे ब्लॉक बहुतेकदा काहीही न बदलता चालतात. कॉलेजकडे लॅबव्ह्यूचा शैक्षणिक परवाना आहे का ते विभागप्रमुखांना विचारा. फुकट मिळणारी 'कम्युनिटी' आवृत्ती घेऊ नका. पदवी देणाऱ्या संस्थेतल्या शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी तिचा परवाना चालत नाही, आणि हे बऱ्याच कॉलेजांना ठाऊकच नसतं.

नुसती ईएक्सई असेल तर तिला लॅबव्ह्यू २०१२ चं रनटाइम इंजिन, म्हणजे ती फाइल चालवणारं सॉफ्टवेअर, लागतं. ते आणि नवा डॅकएमएक्स एकत्र टाकून पाहा. ही जोडी काही ठिकाणी चालून जाते, पण तक्त्याबाहेरची आहे, म्हणून विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर बंद पडली तर दाद मागायला जागा नाही. परीक्षेच्या संगणकावर असं मी ठेवणार नाही.

माझं मत विचाराल तर ही संधी साधून पायथनकडे वळा. एनआयचं स्वतःचं 'एनआयडॅकएमएक्स' नावाचं मुक्त स्रोत पॅकेज आहे. मात्र ते टाकलं म्हणजे ड्रायव्हर आला असं नाही, डॅकएमएक्स आधी टाकलेला असावाच लागतो. एक चॅनेल वाचायचं, शंभरने गुणून अंश काढायचे, वेळेसकट सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) लिहायचं, एवढ्याला वीसेक ओळी पुरतात. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी एका प्रॅक्टिकलमध्ये हे लिहितील, आणि पुढच्या वेळी कुणी पास होऊन गेलं तरी प्रोग्रॅम वाचता येईल. दिसायला लॅबव्ह्यूसारखा देखणा होणार नाही, ते मान्य. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) विंडोज ७ टाकून डबा आत ढकलण्याचा मार्गही लोक सुचवतील. संथ वाचनाला तो कामचलाऊ आहे, पण रोज दुसऱ्या बॅचच्या हाती द्यायला नको.

प्रोग्रॅम चालला आणि एरर आली तर दोन आकडे ओळखून ठेवा. उणे २००२२० म्हणजे प्रोग्रॅम ज्या नावाचा डबा शोधतोय ते नाव यादीत नाही. तुमच्या लॅबमध्ये असे चारपाच डबे असतील आणि ते टेबलांवर अदलाबदल होत असतील तर हे घडणारच. डॅकएमएक्स प्रत्येक डबा अनुक्रमांकाने लक्षात ठेवतो, त्यामुळे दुसरा डबा लावला की तो 'डेव्ह२' होतो आणि प्रोग्रॅम 'डेव्ह१'ची वाट पाहत बसतो. मॅक्समधली जुनी नोंद काढा, नव्याचं नाव बदलून 'डेव्ह१' करा, झालं. शक्य तर डब्यावर आणि टेबलावर एकच क्रमांक रंगवून टाका. दुसरी, उणे ५०१०३, म्हणजे डबा दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. बहुधा मॅक्समधलं टेस्ट पॅनेल मागे उघडं राहिलेलं असतं.

हे वाचणाऱ्या आणि दुसऱ्या कंपनीचा डबा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. मेझरमेंट कॉम्प्युटिंगच्या डब्यांना त्या कंपनीचं 'इन्स्टाकॅल' हे सॉफ्टवेअर एकदा चालवून बोर्ड क्रमांक द्यावाच लागतो. यूएसबी-१२०८एलएससारखा डबा तर विंडोजच्या अंगभूत ड्रायव्हरवरच चालतो, पिवळा त्रिकोण येत नाही, आणि तरीही प्रोग्रॅमला तो दिसत नाही, कारण इन्स्टाकॅल राहिलेलं असतं. अॅडव्हान्टेक कंपनीच्या डब्यांसाठी 'डॅकनॅव्ही' हे सॉफ्टवेअर आहे. स्वस्तातले डबे आणि आर्डुइनोवर बेतलेले बोर्ड कॉम पोर्ट (सिरियल पोर्ट) म्हणून येतात. तिथे चिपचा ड्रायव्हर लागतो. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलीत नक्कल चिप निघाली तर मामला वेगळा होतो. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नक्कल चिपांचा पीआयडी शून्य करून टाकला होता. प्रोलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर तर जुन्या किंवा नक्कल चिपसाठी थेट डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'पुरवठादाराशी संपर्क साधा' असं लिहून दाखवतो. अशा वेळी केबलच बदलावी.

ज्यांच्या डब्याला फक्त ३२ बिटचा ड्रायव्हर आहे आणि कंपनी बंद झाली आहे, त्यांच्यासाठी मात्र विंडोज ११ वर रस्ता नाही. ते फक्त ६४ बिटमध्येच येतं, आणि 'कम्पॅटिबिलिटी मोड' प्रोग्रॅमची समजूत घालतो, विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या कर्नल ड्रायव्हरची नाही. 'झॅडिग' वापरा असं कुणी सांगेल. ते डब्याचा ड्रायव्हर बदलून सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतं, मग निर्मात्याचं सॉफ्टवेअर त्याला ओळखेनासं होतं. काय करतोय हे माहीत असणाऱ्यांसाठीच ते हत्यार आहे. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं तर लॅबच्या संगणकावर येऊच देऊ नका.

रात्रभर नोंदी घ्यायच्या असतील आणि पहाटे त्या थांबलेल्या सापडत असतील तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा, आणि संगणकाची झोपही बंद करा.

सगळं चाललं की त्या दिवशीच विंडोजची, डॅकएमएक्सची आणि पायथन किंवा लॅबव्ह्यूची आवृत्ती एका कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. मॅक्समधून कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर ठेवा. पुढचे संगणक आले की त्या वेळच्या सहायकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

एवढं करूनही अडलं तर इथे परत लिहा, पण चार गोष्टी सोबत द्या: डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, हार्डवेअर आयडीतले दोन्ही आकडे, मॅक्समध्ये दिसणारी डॅकएमएक्सची आवृत्ती, आणि अडीच व्होल्टच्या चाचणीत काय आकडा आला तो. प्रोग्रॅमची मूळ फाइल सापडली का तेही कळवा. सापडली असेल तर ब्लॉक डायग्रामचा एक फोटो टाका, नवीन लॅबव्ह्यूत काय बदलावं लागेल ते बघून सांगते.